न वाळणारी माती

मुलांनो, या वेळच्या टपालात आठवीतल्या एका मुलीचं पत्र आहे. वाढदिवसाच्या पैशांतून तिनं पॉलिमर क्लेची रंगीत पाकिटं आणली, धाकट्या भावासाठी राजा-राणी केले आणि गच्चीवर उन्हात वाळत ठेवले. ती लिहिते, "पंधरा दिवस झाले, राणी अजून मऊच आहे. वर धूळ बसून काळी पडलीय. भाऊ रोज विचारतो. आणखी किती दिवस ठेवू?"

अगं, पंधरा महिने ठेवलीस तरी ती वाळायची नाही!

पण यात तुझं काही चुकलेलं नाही. पाकिटावर 'क्ले' लिहिलेलं असतं, क्ले म्हणजे माती, आणि माती म्हटली की ती वाळणारच, हे आपल्याला पोळ्याचे बैल करता करता लहानपणीच कळलेलं असतं. मातीचा बैल वाळतो म्हणजे काय होतं? मातीतलं पाणी उडून जातं. पॉलिमर क्लेमध्ये पाण्याचा थेंबसुद्धा नसतो. मग उडणार काय, कपाळ? नाव मातीचं असलं तरी हे आहे प्लास्टिक. नळाचे पांढरे-करडे पाइप ज्याचे करतात त्या पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारा एक तेलकट पदार्थ, थोडी भर घालणारी पूड आणि रंग, एवढंच यात असतं. याला ठरावीक उष्णता दिली, की तो तेलकट पदार्थ पीव्हीसीच्या कणांत शिरतो, कण फुगतात आणि एकमेकांना बिलगून एकजीव होतात. गार झालं की वस्तू कडक! थोडक्यात, ही माती वाळवायची नाही, भाजायची. आणि भाजायची ती भाकरीसारखी नाही, डोळ्यांत तेल घालून, मोजून-मापून.

तेव्हा राणी टाकून देऊ नकोस. वरचा धुळकट पापुद्रा जुन्या पट्टीच्या कडेनं हलकेच खरवडून काढ आणि पुढचं सगळं वाचून मगच तिला भाज.

पण त्याआधी एक गोष्ट. ही क्ले आली कुठून?

न वाळणाऱ्या मातीची कल्पना मुळात एका मास्तरांची, याचा मला शिक्षिका म्हणून भारी अभिमान वाटतो! इंग्लंडमध्ये बाथ या गावाजवळ विल्यम हार्बट नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. विद्यार्थी मूर्ती घडवत असतानाच माती वाळायची, तडकायची. म्हणून त्यांनी १८९७ साली कधीच न वाळणारी एक माती तयार केली, तीच प्लॅस्टिसीन. शाळेत आपण जिचे साप आणि गोळे करतो, ती तिचीच भावंडं. तिची अडचण उलटी, ती कडक होतच नाही. आज केलेला हत्ती उद्या कुणी तरी दाबून त्याची पोळी करतं.

दुसरी गोष्ट एका आईची. केथे क्रूझ ही जर्मन बाई. तिची थोरली मुलगी मारिया, आणि मागून आलेली तान्ही सोफी. आई बाळाला घेऊन बसते ते पाहून मारियालाही मांडीवर घ्यायला एक बाळ हवं झालं. मुलींचे बाबा माक्स क्रूझ हे शिल्पकार. ते तेव्हा बर्लिनमध्ये होते. येताना बाहुली आणा, असं त्यांना कळवलं, तर त्यांनी साफ सांगितलं की दुकानातल्या बाहुल्या मला मुळीच आवडत नाहीत, तुम्हीच करा एखादी. ही १९०५ सालची गोष्ट. मग आईनं काय करावं? टॉवेलमध्ये वाळू भरून त्याचं अंग केलं, डोकं म्हणून एक बटाटा बांधला आणि त्यावर काडेपेटीच्या जळक्या काडीनं नाक-डोळे काढले! बटाटा काही टिकणारा नव्हे, पण आईचा हात बसत गेला. पुढे केथे क्रूझच्या कापडी बाहुल्या जगभर गेल्या. 

आणि ती मांडीवरची तान्ही सोफी? तिला घरात फिफी म्हणत. मोठेपणी तिनं भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीवर प्रयोग केले आणि ती 'फिफी मोझाइक' या नावानं विकायला काढली. १९६४ साली तिनं ती कृती एबरहार्ड फाबर या कंपनीला दिली, आणि त्या मातीचं नाव झालं फिमो. आज दुकानात जे फिमोचं पाकीट मिळतं, त्यातला 'फि' म्हणजे फिफी. मोठीला बाहुली हवी झाली ती जिच्यामुळे, तिच्याच हातून पुढे बाहुल्यांची माती घडली. आहे की नाही गंमत?

चला, आता हात धुऊन या. खरंच धुवा, कारण ही क्ले धूळ आणि लोकरीचे तंतू लोहचुंबकासारखे ओढून घेते. पांढरा रंग आधी मळायचा, लाल आणि काळा शेवटी. उलटं केलंत तर पांढरी बाहुली गुलाबी होईल. टेबलावर गुळगुळीत फरशीचा तुकडा किंवा काच ठेवा. पॉलिश केलेल्या लाकडावर कच्ची क्ले ठेवली तर डाग पडतो आणि मग घरात काय होतं ते मी सांगायला नको. लाटायला सरळ अंगाची काचेची बाटली घ्या. आईचं पोळपाट-लाटणं मात्र अजिबात घ्यायचं नाही. एकदा क्लेला लागलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकात वापरायची नसते, म्हणून क्लेचा सुरा, क्लेची बाटली, क्लेचा ट्रे वेगळाच. क्लेच्या वाट्या-बश्याही शोभेपुरत्या. त्यात खाऊ घालू नका.

क्ले पाकिटातून काढली की कडक लागते, काठ तुटतात. घाबरू नका. लहान तुकडे करून तळहातांत मळा. हाताच्या उबेनं ती कणकेसारखी होते. वळी करून वाकवून बघा. चीर गेली नाही म्हणजे तयार. मे महिन्यात मात्र उलट होतं, क्ले इतकी मऊ पडते की बोटांचे ठसे उठतात. मग तिची पोळी दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून तासभर ठेवायची. जादा तेलकटपणा कागद पिऊन टाकतो.

आपण परकर-पोलक्यातली मुलगी करू. ८ सेंटिमीटर उंच. पाय करायची कटकट नाही, परकर हाच तिचा आधार. डबा गुंडाळायचा चंदेरी कागद घट्ट चुरगाळून एक शंकू करा आणि डोक्यासाठी बोराएवढी गोळी करा. दोन्हींमध्ये दात कोरायची लाकडी काडी खोवा. हा झाला सांगाडा. यामुळे क्ले कमी लागते आणि जाड भाग आत कच्चा राहत नाही. शंकूवर २-३ मिलिमीटर जाडीची पोळी गुंडाळा, खालच्या कडेला दुसऱ्या रंगाची पट्टी लावा, म्हणजे परकराचे काठ झाले. पोलक्याला खणाची नक्षी हवी तर टाचणीच्या डोक्यानं ओळीत टिंबं दाबा.

आता अंगाचा रंग. पाकिटावर 'त्वचेचा रंग' म्हणून जो गुलाबी तुकडा मिळतो, त्या रंगाचं माझ्या वर्गात तरी एकही मूल नाही. तुमच्या वर्गात आहे? तरी बहुतेक मुलं बाहुली करतात ती त्याच रंगाची, आणि विचारलं की म्हणतात, "बाई, बाहुली अशीच असते." मला हे पटत नाही. मारियाच्या आईनं बाहुली केली ती खऱ्याखुऱ्या बाळासारखी मांडीवर घेता यावी म्हणून. तुमची बाहुलीही तुमच्या घरातली वाटायला हवी. तपकिरी, पांढरा आणि चिमूटभर पिवळा रंग मिसळा. तयार झालेली गोळी मनगटाच्या आतल्या बाजूला नव्हे, हाताच्या पाठीवर धरून बघा. जास्त गोरी वाटली तर तपकिरी वाढवा. निस्तेज वाटली तर अगदी मोहरीएवढा लाल. कोणत्या रंगाच्या किती गोळ्या घेतल्या ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर हात करताना चेहऱ्याचा रंग पुन्हा जमत नाही. भाजल्यावर रंग किंचित गडद होतो, हेही लक्षात असू द्या.

चेहरा हा खरा परीक्षेचा पेपर. डोळे कुठे काढाल? वर, कपाळाच्या जवळ? आरशासमोर उभे राहा. एक पट्टी घेऊन हनुवटीपासून टाळूपर्यंत अंतर मोजा आणि त्याचा मध्य काढा. मध्य येतो बरोबर डोळ्यांवर! कपाळ आणि केस मिळून डोक्याचा अर्धा भाग असतो, पण आपण केस हिशेबातच धरत नाही. बाळाचे डोळे तर मध्याच्याही खाली असतात, म्हणून डोळे जरा खाली घेतले की बाहुली लगेच लहान आणि गोड दिसते. अंगाचंही असंच गणित आहे. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसातपट भरते, नुकत्या जन्मलेल्या बाळाची साधारण चौपट. आपल्या बाहुलीचं डोकं २ सेंटिमीटर, उंची ८. म्हणजे ती एकदम छोटुकली. आजी करायची असेल तर हे प्रमाण चालणार नाही, डोकं लहान करावं लागेल.

डोळ्यांना काळ्या क्लेच्या दोन मोहऱ्या, नाकाला त्वचेच्या रंगाचा एक तीळ. तोंड टाचणीनं कोरायचं नाही, स्ट्रॉच्या कडेनं अर्धगोल दाबायचा. हसू आपोआप उमटतं. एवढं झालं की थांबा आणि डोकं काडीसकट आधीच भाजून घ्या! पॉलिमर क्लेची ही मोठी सोय आहे, की भाजलेल्या वस्तूवर कच्ची क्ले चढवून पुन्हा भाजता येते. चेहरा पक्का झाला म्हणजे केस लावताना नाक चेपायची भीती नाही. केसांसाठी शेवयांसारख्या वळ्या करा, तीन वळ्यांची वेणी घाला. गजऱ्याला खसखशीएवढ्या पांढऱ्या गोळ्या. इथे धीर हवा, बरं का! माझ्या वर्गातली धसमुसळी मुलं गजऱ्याच्या वेळी मात्र श्वास रोखून बसतात.

दागिन्यांचं तंत्र आणखी मजेचं. अळूवडी कशी करतात पाहिलंय? पानावर पीठ, त्यावर पान, मग गुंडाळी आणि काप. प्रत्येक कापात तेच चक्र. दोन रंगांच्या पोळ्या एकावर एक ठेवून अशीच गुंडाळी करा आणि ती हलक्या हातानं लाटत लांब करा. गुंडाळी बारीक होत जाते, आतलं चक्रही लहान होत जातं, पण मोडत नाही. अंगठ्याएवढं चक्र हरभऱ्याएवढं होतं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचकाम करणारे कारागीर काचेच्या कांड्यांवर हेच करतात. त्या कामाला मिलेफिओरी म्हणतात, म्हणजे हजार फुलं. पिवळ्या कांडीभोवती पाच लाल कांड्या लावल्यात तर कापातून फूल निघेल. कापण्याआधी कांडी झाकणाच्या डब्यात घालून थोडा वेळ थंड जागी ठेवा, नाहीतर फुलाचं धिरडं होतं.

बोरमाळेचे मणी सारखे कसे करायचे? डोळ्यांच्या अंदाजानं कधीच होत नाहीत. एकसारख्या जाडीची वळी करा, पट्टी ठेवून दर सेंटिमीटरला कापा आणि प्रत्येक तुकडा गोल वळून मग किंचित लांबट करा. भोक भाजण्याआधीच पाडायचं, तेही जाड सुई फिरवत फिरवत, एका बाजूनं अर्धं आणि दुसऱ्या बाजूनं अर्धं. थेट खुपसलीत तर मणी चपटा होतो.

आता थोडा वेळ हे पान आई-बाबांच्या हातात द्या.

पालकांनो, भाजण्याचं काम तुमचं. मुलांनी टेबलावर हवं ते करावं, ओव्हनचं बटण मोठ्यांच्या हातात असावं. गॅसची ज्योत, तवा, मायक्रोवेव्ह यांतलं काहीही चालणार नाही. तापमान ठरवता येणारा ओटीजी ओव्हन लागतो. बहुतेक पॉलिमर क्ले ११० ते १३० अंश सेल्सिअसमध्ये भाजतात. वेळ कंपनीप्रमाणे बदलते, कुठे सरसकट ३० मिनिटं, कुठे दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं. पाकिटावर असेल तेच खरं. अडचण अशी की ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता नेहमी जुळत नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो घ्याच. ओव्हन आधी तापवावा, वस्तू फरशीच्या तुकड्यावर कागद घालून ठेवावी, वरून चंदेरी कागदाचा तंबू करावा म्हणजे पांढरा रंग करपत नाही. तापमान फार वाढलं, म्हणजे १७५ अंशांच्या पुढे गेलं, तर पीव्हीसी फुटू लागतं आणि हायड्रोजन क्लोराइड हा डोळे-घसा झोंबवणारा वायू निघतो. करपट, तिखट वास आला तर लगेच ओव्हन बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि सगळ्यांनी खोलीबाहेर. खिडक्या एरवीही उघड्याच असाव्यात, आणि त्याच वेळी ओव्हनमध्ये खाण्याचं काही नसावं.

बाहुलीआधी एक नुसती पट्टी भाजून बघा. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून फसून पुन्हा भाजत बसू नका. पूर्ण गार झाल्यावर वाकवा. वाकून परत सरळ झाली तर भाजणी बरोबर. कट्‌कन तुटून भुगा पडला तर कच्ची. कच्ची राहिली तरी पुन्हा भाजता येते, करपलेलीला मात्र उपाय नाही.

आणि खरेदीबद्दल. क्ले मऊ ठेवणाऱ्या तेलकट पदार्थांत पूर्वी काही थॅलेट सर्रास असत. अमेरिकेनं २००८ साली कायदा करून मुलांच्या खेळण्यांत त्यांतल्या काहींवर बंधनं घातली. त्यामुळे कंपनीचं नाव, तापमान आणि सूचना छापलेलं पाकीटच घ्या. सुट्ट्या, बिननावाच्या लाद्या स्वस्त मिळाल्या तरी नकोत. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर मणी आणि डोळ्यांच्या मोहऱ्या त्याच्या हाती लागणार नाहीत असं बघा.

ओव्हन पुष्कळ घरांत नसतो, आणि एका बाहुलीसाठी तो आणावा असं मी सांगणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी, खरोखर वाळणारी क्ले घरीच होते. एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद, दोन चमचे तेल आणि एक चमचा लिंबाचा रस जुन्या, यापुढे स्वयंपाकाला न लागणाऱ्या पातेल्यात कालवायचा आणि मोठ्यांनी मंद आचेवर सतत ढवळायचा. मोदकाची उकड कशी भांड्याच्या कडा सोडून गोळा होऊन येते, तसं झालं की उतरवा. कोमट असतानाच हाताला व्हॅसलीन लावून मळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. याची वस्तू सावलीत दोन-चार दिवसांत वाळते. उन्हात ठेवलीत तर तडकते. हिच्यात पाणी आहे, ते उडतं, म्हणून वाळताना वस्तू थोडी आक्रसते. भोकं जरा मोठीच पाडा. ओल लागली तर ती पुन्हा मऊ होते, तेव्हा हिची बोरमाळ घालून पावसात जाऊ नका.

गणपती जवळ आले की मुलं विचारतात, "बाई, पॉलिमर क्लेचा गणपती केला तर?" शोकेसमध्ये ठेवायला जरूर करा. विसर्जनाचा मात्र शाडूचाच, कारण शाडू पाण्यात विरघळतो आणि पीव्हीसी वर्षानुवर्षं तळाशी तसंच पडून राहतं. पण आरास क्लेची करायला काय हरकत आहे? उंदीरमामा, एकवीस मोदक, केळीचं पान, जास्वंदीची फुलं, सगळं भाजून ठेवा, विसर्जनाच्या दिवशी काढून घ्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा मांडा. डब्यात भरताना उंदीर तेवढा वेगळा, मऊ रुमालात गुंडाळा. सगळ्यांत आधी मोडते ती त्याची शेपूट.